दोन कॅल्क्युलेटर, तीन तारा : असेंब्ली भाषेत डेटा पाठवणे आणि घेणे

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता याव्यात :

१. समान घड्याळ नसलेल्या दोन यंत्रांमध्ये एक बिट सुरक्षितपणे कसा जातो ते सांगणे.
२. झेड-८० प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत एक बाइट पाठवणारा आणि एक बाइट घेणारा उपप्रोग्रॅम लिहिणे.
३. प्रोग्रॅम कायमचा अडकून पडू नये म्हणून टाइमआउट कसा ठेवायचा हे समजणे.
४. हेच तत्त्व आपल्या प्रयोगशाळेतल्या ८०८५ किटवर उतरवणे.

पूर्वतयारी म्हणून ८०८५ किंवा झेड-८० यांपैकी एका प्रोसेसरच्या मूलभूत आज्ञा माहीत असणे पुरेसे आहे.

प्रस्तावना

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचा टीआय-८३ प्लस हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर १९९९ मध्ये बाजारात आला. त्यात झेड-८० प्रोसेसर आहे. हा प्रोसेसर झायलॉग कंपनीने १९७६ मध्ये आणला होता. ८०८५ही त्याच वर्षीचा, आणि दोघेही इंटेलच्या ८०८० चे वारसदार. त्यामुळे ८०८५ शिकलेल्या विद्यार्थ्याला झेड-८० परका वाटत नाही. कॅल्क्युलेटरचा वेग सुमारे ६ मेगाहर्ट्झ आहे. वापरकर्त्यासाठी २४ किलोबाइट रॅम आणि १६० किलोबाइट फ्लॅश मेमरी आहे. खालच्या कडेला इअरफोनच्या छिद्रासारखे २.५ मिलिमीटरचे एक छिद्र आहे. हा त्याचा लिंक पोर्ट.

१९९० च्या टीआय-८१ मध्ये असा पोर्ट नव्हता. १९९२ च्या टीआय-८५ मध्ये तो आला. टीआय-८५ वर असेंब्ली प्रोग्रॅम चालवण्याची सोय कंपनीने दिली नव्हती. १९९४ मध्ये हौशी प्रोग्रॅमरांनी मेमरीच्या बॅकअपमध्ये फेरफार करून तो केबलमधून परत कॅल्क्युलेटरमध्ये भरला आणि झेडशेल नावाचा प्रोग्रॅम चालवून दाखवला. म्हणजे कॅल्क्युलेटरवर असेंब्ली भाषा आली तीच या केबलच्या वाटेने.

आता मूळ प्रश्न. दोन कॅल्क्युलेटर केबलने जोडले आहेत. दोघांची घड्याळे वेगवेगळी. एकाच्या बॅटरी नव्या, दुसऱ्याच्या उतरलेल्या. त्यामुळे वेगही नेमका सारखा नाही. एक मोजणी करत आहे, दुसरा पडद्यावर चित्र काढत आहे. अशा वेळी पाठवणाऱ्याने बिट कधी ठेवायचा, आणि घेणाऱ्याने तो कधी उचलायचा?

एकेरी रुळावरची गाडी

उत्तर कॅल्क्युलेटरच्या आधी रेल्वेत पाहू. झाशीहून कानपूरकडे जाताना चिरगावच्या पुढे मोठ हे स्टेशन लागते. हा मार्ग बराच काळ एकेरी होता. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. पण दोन्हीकडचे स्टेशन मास्तर एकमेकांना दिसत नाहीत. केवळ घड्याळ पाहून 'आता पलीकडची गाडी पोचली असेल' असे धरून सिग्नल दिला तर काय होईल, हे सांगायला नको.

म्हणून एकेरी मार्गांवर भारतीय रेल्वेने नीलचे गोळा-टोकन यंत्र वापरले. दोन स्टेशनांतली दोन यंत्रे तारेने जोडलेली असतात. इकडचे मास्तर घंटीने विचारतात, तिकडचे मास्तर घंटीने उत्तर देतात. तिकडून आपल्या यंत्रावरून संमती दिल्याशिवाय इकडच्या यंत्रातून धातूचा गोळा बाहेरच येत नाही. तो गोळा हाती आल्यावर ड्रायव्हर गाडी काढतो आणि पुढच्या स्टेशनवर तो परत देतो. गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा गोळा कोणत्याच बाजूने निघत नाही.

इथे वेळेचा अंदाज कुठेच नाही. प्रत्येक पावलाला उत्तर आल्यावरच पुढचे पाऊल. गाडी जलद असो वा मालगाडी असो, पद्धत तीच. कॅल्क्युलेटरच्या लिंक पोर्टमध्ये एका बिटसाठी नेमके हेच केले जाते. याला हँडशेक म्हणतात.

पोर्टची रचना

केबलमध्ये तीन तारा आहेत. जॅकच्या टोकाला जोडलेली पहिली, तिच्यामागच्या कडीला जोडलेली दुसरी, आणि बुडाला जोडलेली ग्राउंडची तिसरी. पहिलीला आपण 'टोक-तार' आणि दुसरीला 'कडी-तार' म्हणू. बिट याच दोन तारांवरून जातात.

कोणीही काही करत नसताना दोन्ही तारा पुल-अप रोधामुळे वरच्या व्होल्टेजवर, म्हणजे १ या स्थितीत, असतात. कोणताही कॅल्क्युलेटर तार खाली ओढू शकतो. पण तार जबरदस्तीने वर ढकलण्याची सोय कोणालाच नाही. फक्त सोडून देता येते. दोघांपैकी एकाने जरी ओढली तरी तार खाली राहते. दोघांनी सोडली तरच वर येते. म्हणूनच दोघांनी एकाच वेळी तारेला हात लावला तरी शॉर्ट सर्किट होत नाही.

प्रोग्रॅममध्ये हा सगळा पोर्ट क्रमांक ० आहे. इथे एक ठेच बहुतेकांना लागते : लिहिताना आणि वाचताना १ चा अर्थ उलटा आहे.

पोर्ट ० वर लिहिताना :
० – दोन्ही तारा सोडा
१ – टोक-तार खाली ओढा
२ – कडी-तार खाली ओढा
३ – दोन्ही खाली ओढा

पोर्ट ० वाचून खालचे दोन बिट घेतल्यावर :
३ – दोन्ही तारा वर
२ – टोक-तार खाली, कडी-तार वर
१ – कडी-तार खाली, टोक-तार वर
० – दोन्ही खाली

लिहिताना १ म्हणजे 'ओढ', वाचताना १ म्हणजे 'तार वर आहे'. हे दोन तक्ते वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा. प्लस नसलेल्या जुन्या टीआय-८३ मध्ये लिहायच्या किमती वेगळ्या आहेत. त्यामुळे त्याचा प्रोग्रॅम इथे जसाच्या तसा चालत नाही.

एका बिटची चार पावले

ठरलेला नियम असा : ० पाठवायचा असेल तर पाठवणारा टोक-तार ओढतो, १ पाठवायचा असेल तर कडी-तार.

पाऊल १. पाठवणारा बिटप्रमाणे एक तार खाली ओढतो.
पाऊल २. घेणारा ते पाहतो, बिट नोंदवतो आणि उत्तर म्हणून दुसरी तार ओढतो. आता दोन्ही खाली.
पाऊल ३. दोन्ही खाली दिसल्यावर पाठवणारा आपली तार सोडतो.
पाऊल ४. ती सुटलेली पाहून घेणारा आपली तार सोडतो. दोन्ही वर, पुढच्या बिटला वाट मोकळी.

बाइटमधला सर्वांत कमी किमतीचा बिट आधी जातो. उदाहरणार्थ ५ म्हणजे ०००००१०१. बिटांचा क्रम १, ०, १ आणि मग पाच शून्ये. म्हणजे पाठवणारा कडी, टोक, कडी आणि नंतर पाच वेळा टोक-तार ओढील.

बाइट पाठवणे

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. असेंब्लरला देताना त्या रोमन लिपीत टंकाव्या लागतात. पाठवायचा बाइट सी रजिस्टरमध्ये आहे असे धरा. अर्धविरामानंतरचा मजकूर म्हणजे टीप.

बाइट_पाठवा:
एलडी बी, ८, आठ बिट
पुढचा_बिट:
एसआरएल सी, खालचा बिट कॅरी फ्लॅगमध्ये
एलडी ए, १. ० असेल तर टोक-तार
जेआर एनसी, ओढा
एलडी ए, २ ; १ असेल तर कडी-तार
ओढा:
आउट (०), ए, पाऊल १
उत्तर_पाहा:
इन ए, (०)
अँड ३
जेआर एनझेड, उत्तर_पाहा. दोन्ही खाली येईपर्यंत
एक्सओआर ए
आउट (०), ए, पाऊल ३
मोकळी_पाहा:
इन ए, (०)
अँड ३
सीपी ३
जेआर एनझेड, मोकळी_पाहा. दोन्ही वर येईपर्यंत
डीजेएनझेड पुढचा_बिट
आरईटी

दोन गोष्टी लक्षात घ्या. एसआरएल आज्ञेने कॅरी फ्लॅग ठरतो आणि त्यानंतरच्या एलडी आज्ञेने तो बदलत नाही. म्हणून दोन्हींचा हा क्रम चालतो. दुसरे म्हणजे, हा उपप्रोग्रॅम बोलावण्यापूर्वी डीआय आज्ञेने इंटरप्ट बंद करावेत आणि काम संपल्यावर ईआयने सुरू करावेत. नाहीतर कॅल्क्युलेटरची स्वतःची यंत्रणा मधेच नियंत्रण घेते.

बाइट घेणे

घेणाऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये एक सुंदर योगायोग आहे. समोरून ० आला म्हणजे टोक-तार खाली आहे, आणि वाचलेली किंमत २ येते. उत्तर म्हणून कडी-तार ओढायची आहे, आणि त्यासाठी लिहायची किंमतही २ च. समोरून १ आला तर वाचलेली किंमत १, आणि उत्तरादाखल लिहायची किंमतही १. वाचलेली किंमत सांगते की कोणती तार अजून वर आहे, आणि आपल्याला नेमकी तीच ओढायची असते. म्हणून जे वाचले तेच परत लिहिले की पाऊल २ पूर्ण होते.

बाइट_घ्या:
एलडी बी, ८
बिट_पाहा:
इन ए, (०)
अँड ३
सीपी ३
जेआर झेड, बिट_पाहा. अजून कोणी बोलत नाही
सीपी २, ए १ असेल तर कॅरी १, ए २ असेल तर कॅरी ०
आरआर सी, कॅरी वरच्या बाजूने सी मध्ये
आउट (०), ए ; पाऊल २
सुटेपर्यंत:
इन ए, (०)
अँड ३
जेआर झेड, सुटेपर्यंत. दोन्ही खाली असेपर्यंत थांब
एक्सओआर ए
आउट (०), ए, पाऊल ४
एलडी ए, १०
उसंत:
डीईसी ए
जेआर एनझेड, उसंत
डीजेएनझेड बिट_पाहा
आरईटी

आठ फेऱ्यांनंतर सी रजिस्टरमध्ये पूर्ण बाइट तयार असतो. सुरुवातीलाच ० वाचले गेले, म्हणजे दोन्ही तारा खाली दिसल्या, तर तो बिट नव्हे, ती चूक आहे. वरच्या प्रोग्रॅममध्ये ही तपासणी मुद्दाम ठेवलेली नाही. ती तुम्ही घालायची आहे.

'उसंत' कशासाठी?

शेवटची छोटी फेरी पाहून वाटेल की ही वेळ वाया घालवणे आहे. ती काढून टाका, आणि प्रोग्रॅम कधी चालेल, कधी चुकीचा बाइट देईल.

कारण असे. तार खाली ओढणे झटपट होते, पण सोडल्यावर ती पुल-अप रोधातून हळूहळू वर येते, कारण केबलला स्वतःची धारकता असते. समजा आत्ताच आलेला बिट ० होता. घेणाऱ्याने कडी-तार ओढली होती आणि ती सोडली. काही मायक्रोसेकंदांत प्रोग्रॅम 'बिट_पाहा' पाशी परतला. कडी-तार अजून पुरती वर आलेली नाही, म्हणून ती खाली वाचली गेली. कडी-तार खाली म्हणजे बिट १! घेणाऱ्याने स्वतःचीच सुटणारी तार समोरच्याचा बिट समजून घेतली.

यावर 'दोन्ही तारा वर येईपर्यंत थांब' हा उपाय सुचेल, पण तो धोक्याचा आहे. तारा वर आल्या हे पाठवणाऱ्याने आधी पाहिले आणि लगेच पुढचा बिट ओढला, तर घेणाऱ्याला 'दोन्ही वर' हा क्षण दिसणारच नाही. तो थांबून राहील, आणि पाठवणारा उत्तराची वाट पाहत राहील.

नुसती उसंत मात्र सुरक्षित आहे. घेणारा कितीही उशिरा आला तरी पाठवणारा बिट धरून उभा असतो. फेरीला १६ टी-स्टेट धरले तर दहा फेऱ्यांना सुमारे १६० टी-स्टेट, म्हणजे ६ मेगाहर्ट्झला सुमारे २७ मायक्रोसेकंद लागतात. हँडशेकमुळे उशीर करण्याची मुभा मिळते. इथे आपण ती वापरली.

वेगाचा अंदाजही करून पाहा. एका बिटला सर्व मिळून ३०० टी-स्टेट धरले तर ६०,००,००० ला ३०० ने भागून सेकंदाला २०,००० बिट, म्हणजे साधारण अडीच हजार बाइट.

थांबणे कधी थांबवायचे?

आतापर्यंतचे दोन्ही प्रोग्रॅम बरोबर आहेत, आणि तरीही दुसऱ्या कोणाच्या हाती देण्यासारखे नाहीत. वरच्या चार प्रतीक्षा-फेऱ्यांपैकी एकीलाही शेवट नाही. मधेच जॅक निसटला किंवा समोरचा कॅल्क्युलेटर बंद झाला, तर आपला कॅल्क्युलेटर त्या फेरीत कायमचा फिरत राहील. इंटरप्ट बंद असल्याने बटणेही ऐकली जाणार नाहीत. शेवटी बॅटरी काढाव्या लागतील, आणि त्याबरोबर रॅममधले सगळे जाईल. ज्या मित्राला तुम्ही खेळ खेळायला बोलावले, त्याची महिनाभराची टिपणे आणि प्रोग्रॅम तुमच्या एका फेरीपायी पुसले गेले, असे होऊ शकते.

पुन्हा मोठच्या स्टेशनवर या. घंटीला पलीकडून उत्तर आले नाही तर काय होते? गाडी थांबते, मास्तर मात्र घंटीपाशी खिळून बसत नाहीत. गोळा निघत नाही, म्हणून गाडी सुटत नाही, पण मास्तरांची बाकीची कामे चालू राहतात. आपल्या प्रोग्रॅममध्येही हेच हवे : उत्तराशिवाय डेटा पुढे जाऊ नये, पण उत्तर नाही म्हणून यंत्र अडकूही नये.

त्यासाठी प्रत्येक प्रतीक्षेला मोजणी जोडतात. पाठवणाऱ्याची 'उत्तर_पाहा' ही फेरी अशी बदलेल :

एलडी डीई, ०
उत्तर_पाहा:
इन ए, (०)
अँड ३
जेआर झेड, उत्तर_आले
डीईसी डीई
एलडी ए, डी
ओआर ई
जेआर एनझेड, उत्तर_पाहा
एक्सओआर ए
आउट (०), ए. आधी तारा सोडा
एससीएफ, कॅरी १ म्हणजे अपयश
आरईटी
उत्तर_आले:

डीईसी डीई ही आज्ञा फ्लॅग बदलत नाही. म्हणून डी आणि ई यांचा ओआर घेऊन शून्य तपासावे लागते. डीईची सुरुवात ० पासून केली की पहिल्या वजाबाकीत ते ६५,५३५ होते, आणि एकूण ६५,५३६ फेऱ्या मिळतात. एका फेरीचे ५१ टी-स्टेट. गुणाकार सुमारे ३३.४ लाख, ६ मेगाहर्ट्झला ०.५६ सेकंद. यंत्रासाठी हा काळ भरपूर आहे, आणि माणसाला तो जाणवतो न जाणवतो. यश आल्यास परतताना कॅरी ० करायला विसरू नका.

पळ काढण्यापूर्वी तारा सोडणे हे या तुकड्यातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे. तार ओढलेलीच ठेवून प्रोग्रॅम संपला तर समोरच्याला वाटत राहील की कोणीतरी बिट पाठवत आहे.

आता आणखी एक अडचण पाहा. तिसऱ्या बिटनंतर पाठवणाऱ्याने नाद सोडला. घेणाऱ्याकडे तीन बिट पडून आहेत. पाठवणाऱ्याने लगेच तोच बाइट पुन्हा सुरू केला, तर घेणारा त्याचा पहिला बिट चौथा म्हणून घेईल, आणि तिथून पुढचा प्रत्येक बाइट सरकलेला असेल. उपाय दोन भागांचा. घेणाऱ्याने बाइटच्या मधे टाइमआउट झाल्यास अर्धा बाइट फेकून द्यावा. आणि पाठवणाऱ्याने पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी घेणाऱ्याच्या टाइमआउटपेक्षा जास्त वेळ गप्प राहावे, समजा एक सेकंद. बाइटच्या पहिल्या बिटची वाट मात्र जास्त वेळ पाहायला हरकत नाही; तिथे मधून मधून एखादे बटण दाबले आहे का, हेही तपासावे.

बाइटपासून पॅकेटपर्यंत

तरीही एक फट उरते. आठव्या बिटला घेणाऱ्याने उत्तर दिले, पण नेमक्या त्याच क्षणी पाठवणाऱ्याची मोजणी संपली. घेणाऱ्याच्या मते बाइट पोचला. पाठवणाऱ्याच्या मते नाही. तो पुन्हा पाठवेल, आणि घेणाऱ्याकडे तोच बाइट दोनदा येईल. एकेका बाइटच्या पातळीवर ही फट बुजत नाही. म्हणून बाइटांचा गट करून त्या गटाची पोच घ्यावी लागते.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या पद्धतीत या गटाची, म्हणजे पॅकेटची, रचना अशी आहे : एक बाइट यंत्राची ओळख, टीआय-८३ प्लससाठी षोडशमान ७३, एक बाइट आज्ञा, दोन बाइट लांबी, कमी किमतीचा आधी, मग डेटा, आणि शेवटी दोन बाइट चेकसम. चेकसम म्हणजे डेटाच्या सर्व बाइटांची बेरीज. तिचे खालचे १६ बिट घेतात. डेटा ६५, ६६, ६७ असेल तर बेरीज १९८. चेकसम म्हणून आधी १९८ आणि मग ० जाईल. तीन बाइट पाठवण्यासाठी एकूण नऊ बाइट गेले.

घेणारा स्वतः बेरीज करून ताडतो. जुळली तर 'पोचले' ही आज्ञा, षोडशमान ५६. न जुळल्यास षोडशमान ५ए, म्हणजे पुन्हा पाठवा. पोच केवळ चार बाइटांची असते, तिच्यात डेटा नसतो. एखादे चल नेहमीच्या पद्धतीने पाठवताना आधी त्याचे नाव व आकार सांगणारे पॅकेट (आज्ञा ०६) जाते. घेणारा पोच देतो, मग 'पाठवा' म्हणतो (०९), आणि त्यानंतर डेटाचे पॅकेट (१५) निघते. पुन्हा तीच घंटी आणि तेच उत्तर, फक्त मोठ्या आकारात.

तुमच्या स्वतःच्या खेळासाठी ही पूर्ण पद्धत पाळणे आवश्यक नाही. पण लांबी, चेकसम आणि पोच या तीन गोष्टी ठेवाव्यात. शिवाय प्रत्येक पॅकेटला क्रमांक द्यावा. पोचच हरवली तर पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पाठवेल. 'सोंगटी दोन घरे पुढे' हा निरोप दोनदा अमलात आला तर खेळच बिघडेल. क्रमांक तोच असेल तर पोच द्यायची, पण कृती करायची नाही.

कॅल्क्युलेटरच्या रॉममध्ये बाइट पाठवण्याचे व घेण्याचे तयार उपप्रोग्रॅमही आहेत. ते वापरल्यास लिंक तुटल्यावर यंत्रणेची चूक उद्भवते, आणि ती पकडण्याची व्यवस्था तुमच्या प्रोग्रॅममध्ये असावी लागते. आधी स्वतः लिहून पाहा, मग तयार वापरा. म्हणजे चूक आली तर ती कुठल्या पावलाची आहे हे कळेल.

आपल्या प्रयोगशाळेत : दोन ८०८५ किट

आपल्याकडे ग्राफिंग कॅल्क्युलेटर वर्गात फारसा दिसत नाही. पण ८०८५ किट बहुतेक महाविद्यालयांत कपाटात असते. दोन किट, ७४०५ हे ओपन कलेक्टर इन्व्हर्टरचे दोन आयसी, ४.७ किलोओहमचे दोन रोध आणि तीन तारा एवढ्यावर हा प्रयोग होतो.

प्रत्येक किटवरच्या ८२५५ मध्ये पोर्ट ए आउटपुट आणि पोर्ट बी इनपुट ठेवा. त्यासाठी कंट्रोल वर्ड षोडशमान ८२. पोर्ट ए चे खालचे दोन बिट ७४०५ च्या दोन इन्व्हर्टरांमधून दोन तारांना जोडा. त्याच तारा पोर्ट बी च्या खालच्या दोन बिटांना जोडा. प्रत्येक तारेला ५ व्होल्टकडे एक रोध लावा. दोन्ही किटचे ग्राउंड एकमेकांना जोडा. इन्व्हर्टरमुळे १ लिहिला की तार खाली जाते, आणि वाचताना १ म्हणजे तार वर. कॅल्क्युलेटरचेच दोन्ही तक्ते जसेच्या तसे लागू पडतात.

एक सावधगिरी. रीसेटनंतर ८२५५ चे सर्व पोर्ट इनपुट असतात. त्या वेळी ७४०५ चे इनपुट मोकळे राहते, टीटीएल आयसी ते १ समजतो, आणि तार खाली ओढली जाते. म्हणून दोन्ही किटवर आधी कंट्रोल वर्ड लिहा, पोर्ट ए वर ० लिहा, आणि मगच किट एकमेकांना जोडा.

८०८५ मध्ये डीजेएनझेड, जेआर आणि एसआरएल नाहीत. त्यांच्याऐवजी डीसीआर, जेएनझेड आणि आरएआर वापरून तोच प्रोग्रॅम लिहा. मग एका किटचा प्रोग्रॅम मुद्दाम मंद करून पाहा, मधेच तार काढून पाहा. वेग कमी करून बाइट चुकत नाही, आणि तार काढल्यावर किट अडकत नाही, हे दोन्ही जमले तर पाठ समजला.

सारांश

दोन यंत्रांची घड्याळे जुळत नसली तरी प्रत्येक पावलाला उत्तर घेतले तर एकही बिट हरवत नाही. पण उत्तराची वाट पाहणारा समोरच्याच्या हाती सापडतो. म्हणून प्रत्येक प्रतीक्षेला मर्यादा हवी. मर्यादा ठेवली की अर्धवट राहिलेल्या बाइटची आणि दोनदा आलेल्या निरोपाची शक्यता निर्माण होते. त्यासाठी पॅकेट, चेकसम, पोच आणि क्रमांक लागतात.

स्वाध्याय

१. ६ हा बाइट पाठवताना कोणत्या क्रमाने कोणती तार ओढली जाईल ते लिहा.
२. 'बाइट_पाठवा' मधील एक्सओआर ए ही आज्ञा वगळली तरी प्रोग्रॅम चालतो. का?
३. 'बाइट_घ्या' मध्ये सुरुवातीलाच दोन्ही तारा खाली दिसल्यास कॅरी १ करून परतण्याची तपासणी घाला.
४. ६५, ६६, ६७ ऐवजी ६६, ६५, ६७ पोचले तर चेकसम ही चूक पकडेल का? ती पकडता यावी म्हणून काय बदल कराल?
५. टाइमआउटची मोजणी ०.५६ ऐवजी साधारण ०.२८ सेकंदाची करायची असेल तर डीईची सुरुवातीची किंमत किती ठेवाल?
६. दोन्ही कॅल्क्युलेटर एकाच क्षणी पाठवायला लागले, एकाने ० आणि दुसऱ्याने १, तर प्रत्येकाला काय दिसेल? दोघेही काय समज करून घेतील?